अंगणाखालचे जुने पाइप : वॉरंटी की पॉलिसीवर रायडर?

न्यू जर्सीत जुनं घर घेतलेल्या कुठल्या तरी मित्राचा वर्षातून एकदा फोन येतोच : ‘पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनचं पत्र आलंय, भरू का पैसे?’ पाकीट असं, की टाउनचीच नोटीस वाटावी. असते मात्र वॉरंटी कंपनीची जाहिरात. सोसायटीने प्लंबर बोलवायचा, ही आपली सवय. इथे रस्त्याखालच्या मुख्य लाइनपर्यंतचा ड्रेनेजचा पाइप बऱ्याच गावांत घरमालकाचा, आणि तो झिजून फुटला तर साधी होमओनर्स पॉलिसी, म्हणजे घराचा विमा, हात वर करते. मग मार्ग दोन : ही वॉरंटी, किंवा त्याच पॉलिसीवर जादा पैसे भरून घेतलेलं वाढीव संरक्षण, म्हणजे रायडर.

मी आधी वॉरंटीच घेतली होती. महिन्याला पंधराएक डॉलर, डिडक्टिबल (क्लेममध्ये आधी आपण भरायची रक्कम) नाही, फोन केला की माणूस हजर. रविवारी रात्री बेसमेंटच्या ड्रेनमधून पाणी वर येताना याचं मोल कळतं, ते नाकारत नाही. माझा पाइप १९५० च्या दशकातला, भाजलेल्या मातीचा. सांध्यांतून मेपलची मुळं शिरलेली. प्लंबरने केबल फिरवून मुळं कापली, पाणी वाहिलं, तो गेला. आठ महिन्यांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. ‘पाइप बदला की’ म्हटलं, तर ‘पाणी जातंय ना?’ पदरचे पैसे घालून कॅमेरा आत सोडला, सरकलेल्या सांध्याचा व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, आमच्या माणसाच्या पाहणीत नाही. सरळ नाही म्हणाले असते तर भांडलो तरी असतो. हे दरवेळी गोड बोलून मुळं कापायचे आणि मूळ दुखणं ठेवायचे. माझं मन उडालं ते तिथे.

माहीत असलेलं दुखणं रायडरमध्येही चालत नाही, तेव्हा तो पाइप मी खिशातूनच बदलला. उरलेल्या लाइनींसाठी रायडर घेतला : वर्षाला पन्नासच्या आत, मर्यादा १०,००० डॉलर, डिडक्टिबल ५००. त्यात गंज, झीज, मुळं बसतात. गॅसची आणि विजेची जमिनीखालची लाइनही. दोन वर्षांनी कोरड्या ऑगस्टमध्ये ड्राइव्हवे ओला दिसू लागला. पाण्याची लाइन गळत होती. प्लंबर मी निवडला, आणि खोदाईसकट डांबराचेही पैसे मिळाले. माझ्या वॉरंटीत खड्डा बुजवून वर गवताचं बी टाकण्यापलीकडे काही नव्हतं.

रायडरलाही खोट आहे. क्लेम घराच्या विम्याच्या इतिहासात लागतो आणि सात वर्षं दिसतो. नुकताच छताचा वगैरे क्लेम केला असेल, किंवा तुमची कंपनी रायडर देतच नसेल, तर वॉरंटी वाईट म्हणणार नाही. तुंबलेलं पाणी वर येऊन बेसमेंटचा गालिचा गेला, तर त्याला वेगळा ‘वॉटर बॅकअप’ रायडर लागतो. दोन्हींत गल्लत नको. शिशाच्या पाइपच्या धास्तीने तर काहीच घेऊ नका. न्यू जर्सीच्या २०२१ च्या कायद्याने त्या लाइनी दहा वर्षांत बदलणं पाणीपुरवठा कंपन्यांवरच टाकलं आहे.

घर अजून घ्यायचं असेल तर आधी ड्रेनेजमध्ये कॅमेरा घालून पाहा, खोट निघाली तर भावात धरा. मग एजंटला दोनच गोष्टी ई-मेलवर विचारा : झिजलेला पाइप धरता का, आणि वरचं डांबर कोण घालणार? माझ्या एजंटचं उत्तर दोन ओळींत आलं होतं. वॉरंटीवाल्यांनी अकरा पानी पीडीएफ पाठवली होती.