गव्हाचा तांबेरा की पानांवरचा करपा?

आधी पानावर बोट फिरवा. नारिंगी-तपकिरी भुकटी बोटाला लागली तर पानांवरचा तांबेरा. ही बुरशी हिरव्या, जिवंत पानावरच जगते आणि यजमान (ज्यावर जगायचे ते पीक) ही निवडून घेते. ज्वारीवरचा तांबेरा वेगळ्या बुरशीचा, त्यामुळे शेजारच्या ज्वारीवर संशय नको. आपल्याकडे तांबेऱ्याचे बीजाणू (बुरशीचे सूक्ष्म बीज) दक्षिणेतल्या निलगिरी-पळणीच्या डोंगरांतून वाऱ्याने येतात. म्हणून धसकटे जाळून काहीच साधत नाही. प्रोपिकोनॅझोल २५ ईसी हे बुरशीनाशक, १ मिली प्रति लिटर पाण्यात, भुकटीचे पहिले फोड दिसताच फवारा.

करप्याचे लांबट तपकिरी ठिपके पुसले जात नाहीत, भोवती पिवळी कडा असते. त्याची बुरशी बार्ली, गवतांवरही जगते, बियाण्यात आणि धसकटांत टिकते. इथे फेरपालट आणि किलोभर बियाण्याला ३ ग्रॅम थायरम या बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया खरी कामाची.