जहाज-मॉडेलिंगची मासिके आणि ४८४ डॉलरची फसवणूक

एका संकेतस्थळावर जाहिरात देणाऱ्या विक्रेत्याने माझे एकूण ४८४ डॉलर लुबाडले: चार नियतकालिकांच्या एकत्रित वर्गणीपोटी १८६, जुन्या बांधीव खंडांसाठी २४० आणि 'वाहतूक व जकातीतील फरक' म्हणून ५८. आकडे सुरुवातीलाच देत आहे, कारण जहाजांच्या स्केल मॉडेलवरची चांगली मासिके शोधणाऱ्या कुणापुढेही हाच प्रस्ताव याच तीन टप्प्यांत येऊ शकतो, आणि तो विक्रेता अजूनही जाहिराती देतो आहे. अशा लोकांची पद्धत सर्वांना ठाऊक आहे: आधी स्वस्त, मग दुर्मीळ, मग अडकलेले पार्सल सोडवण्यासाठी आणखी थोडे.

'अनोळखी माणसाला पैसे पाठवलेच कशाला?' असे घरच्यांनी विचारले तेव्हा उत्तर देताना मान खाली गेली, हे खरे. परंतु या छंदात अनोळखी माणसाकडूनच घ्यावे लागते. किटसोबतच्या सूचनापत्रात फळ्या कोणत्या क्रमाने चिकटवायच्या एवढेच असते. कीलला, म्हणजे जहाजाच्या तळाशी असलेल्या मुख्य लाकडाला, पहिली फळी मिळते तिथली खाच कशी कोरायची, किंवा डोलकाठीला आधार देणारे दोर त्या विशिष्ट काळात कसे बांधत असत, हे समजते ते ग्रीनिचच्या संग्रहालयातील मूळ नौदल आराखडे समोर ठेवून काम केलेल्या माणसांच्या लेखांतून, आणि असे लेख छापणारी नियतकालिके मोजकीच. ब्रिटनमधील 'मॉडेल शिपराइट' हे त्रैमासिक १९७२ मध्ये सुरू झाले. अमेरिकेतील 'नॉटिकल रिसर्च गिल्ड' ही संस्था १९४८ पासूनची आणि तिचे 'नॉटिकल रिसर्च जर्नल' आजही निघते. शिवाय फ्रेंच 'नेप्टुनिया' आणि जर्मन 'दास लोगबूख'. ही मासिके सहसा स्टॉलवर दिसत नाहीत. जुने अंक बाजारात येतात ते बहुधा एखाद्या मॉडेलकाराच्या पश्चात त्याच्या घरच्यांनी कपाट रिकामे केल्यावर. विक्रेत्यानेही नेमकी हीच हकीकत सांगितली, आणि ती आमच्या क्षेत्रात रोज घडणारी असल्यामुळे तिच्यावर विश्वास बसण्यात काहीच वावगे नव्हते.

शंका यायला हवी होती ती वर्गणीच्या यादीपाशी, आणि त्या यादीचा विचार मनातून जात नाही. तिच्यात 'मॉडेल शिपराइट'च्या नावापुढे 'पुढील वर्षाचे चार अंक' असे लिहिलेले होते. त्रैमासिक बंद होऊन २०१० पासून 'शिपराइट' नावाचे वार्षिक त्याच्या जागी आले, हे मला ठाऊक होते; २०१० चे ते वार्षिक माझ्या कपाटातच आहे. मी विचारलेही. 'नव्या व्यवस्थापनाने त्रैमासिक पुन्हा सुरू केले आहे, जाहीर घोषणा लवकरच होईल,' असे उत्तर तत्काळ आले. छंदाच्या नियतकालिकांची मालकी बदलते, नावे विलीन होतात, बंद पडलेले मासिक नव्या रूपात निघते. म्हणून ते उत्तर मला पटले आणि पटल्यावर मी पैसे भरले. त्याच यादीत 'नॉटिकल रिसर्च जर्नल'ची वर्गणी 'सवलतीत' होती. ते जर्नल गिल्डच्या सदस्यत्वासोबत मिळते आणि सदस्यत्व थेट गिल्डकडूनच घेता येते, तेव्हा मधल्या माणसाने सवलत देण्याचा प्रश्नच कुठे येतो? एकाच यादीत दोन खोट्या गोष्टी होत्या आणि दोन्ही तपासायला पाच मिनिटे पुरली असती. तेव्हा तुम्ही ती पाच मिनिटे जरूर द्या: प्रकाशकाच्या स्वतःच्या पानावर वर्गणीची सोय आहे का ते पाहा आणि अधिकृत प्रतिनिधी कोण, हे त्यांनाच पत्र लिहून विचारा.

'छापील अंक येईपर्यंत' म्हणून त्याने स्कॅन केलेल्या पानांची एक फाइल पाठवली. तिच्यातील बरीच पाने किटच्या विक्रीसूचीची होती. उरलेल्यांत घडीचे आराखडे दोन तुकड्यांत स्कॅन केलेले, मधल्या घडीतला भाग गायब आणि मोजपट्टी कापलेली. १:४८ या प्रमाणात प्रत्यक्षातला एक फूट कागदावर पाव इंच होतो. मोजपट्टीच नसेल तर छापून काढलेला कागद किती लहान-मोठा झाला ते कशावरून ठरवायचे? बाजूच्या दृश्यातील जहाजाची लांबी आणि वरून दिसणाऱ्या अर्ध्या आराखड्यातील लांबी एकमेकींशी जुळत नव्हती. अशा कागदावरून बरगड्या कापल्या असत्या तर लाकूडही वाया गेले असते. आराखड्यासह अंक घेणाऱ्यांनी विक्रेत्याकडून घडी पूर्ण उलगडलेल्या कागदाचे, शेजारी पट्टी ठेवलेले छायाचित्र मागावे. ते देण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे आराखडा नाही असेच समजावे.

बांधीव खंडांचा माग काढण्याचा क्रमांक मिळाला. क्रमांक खरा होता. त्यावर 'वितरित' अशी नोंदही झाली, मात्र माझ्या दारी काहीही आले नाही. त्या क्रमांकावर माझ्याच भागातील दुसऱ्या कुठल्या तरी पत्त्यावर एक पाकीट पोहोचवले गेले होते. कोणत्या पत्त्यावर, हे टपाल खात्याने गोपनीयतेचे कारण देऊन सांगितले नाही. बँकेने, जिच्या कार्डावरून १८६ आणि २४० डॉलर गेले होते, 'वितरित' हा शब्द पुरावा मानून माझा दावा फेटाळला. पार्सलच्या नोंदीत वजन २० ग्रॅम आहे आणि २० ग्रॅममध्ये बांधीव खंड मावत नाहीत, हे मी लेखी कळवले. त्यावर पहिल्याच पत्राची प्रत पुन्हा आली. ५८ डॉलर बँक हस्तांतरणाने गेले होते, म्हणून 'ते आपण स्वेच्छेने पाठवले' असे सांगून तो विषय मिटवण्यात आला. सायबर तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याने रक्कम ऐकून पेन खाली ठेवले आणि 'खेळण्यातल्या बोटींची पुस्तके' असा शेरा मारला. एका जहाजाला वर्षानुवर्षे देणाऱ्या माणसासमोर असे बोलण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? चोरी ४८४ डॉलरची असो वा ४८,४०० ची, ती चोरीच आहे, आणि तक्रार नोंदवून घेणे हे त्यांचे काम आहे. ज्या संकेतस्थळावर जाहिरात होती तिथून 'हा दोन व्यक्तींमधील व्यवहार आहे' एवढेच उत्तर आले. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि तेवढ्या अवधीत दावा करण्याची मुदत उलटून जाते.

म्हणून 'वितरित' दिसताच त्याच दिवशी टपाल खात्याकडून वजनाची नोंद लेखी मागून घ्या. पैसे कार्डानेच द्या आणि कार्ड सोडून दुसऱ्या मार्गाने उरलेली रक्कम मागितली तर तिथेच थांबा. खंडांच्या कण्यांचे, म्हणजे बांधणीच्या पाठीकडच्या बाजूंचे, छायाचित्र आधी कुठल्या लिलावात वापरले गेले आहे का, ते प्रतिमाशोधाने तपासा. मला पाठवलेले छायाचित्र तसेच निघाले. आपण सांगू त्या अंकाचे आपण सांगू ते पान उघडून त्याचे छायाचित्र मागा.

सध्या तोच माणूस वेगळ्या नावाने तेच छायाचित्र लावून 'संपूर्ण संच, आराखड्यांसह' विकतो आहे. ज्यांनी त्याला पैसे दिले असतील त्यांनी, रक्कम कितीही लहान असली तरी, आपापल्या बँकेत आणि पोलिसांकडे लेखी तक्रार द्यावी आणि तिच्यात पार्सलचे वजन व त्या स्कॅन फाइलचा उल्लेख करावा. एकाच छायाचित्राच्या अनेक तक्रारी दाखल झाल्या तर 'दोन व्यक्तींमधील व्यवहार' म्हणून त्या बंद करणे त्यांना जड जाईल.