एसी/डीसीचा 'पॉवर अप': आंब्याच्या गाडीत महिनोन्महिने वाजवल्यावर

आधी सरळ सांगतो, हा अल्बम ऐकून कुणी एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडच्या नव्याने प्रेमात पडेल असं मला वाटत नाही. त्या कामाला त्यांचा १९८० चा 'बॅक इन ब्लॅक' आहे. पण 'पॉवर अप' टिकतो. गेल्या पावसाळ्यात गाडीच्या पेनड्राइव्हमध्ये घातला, आंब्याचा हंगाम उलटला तरी काढावासा वाटला नाही. नव्या अल्बमांच्या बाबतीत माझ्याकडे असं सहसा होत नाही.

वापर कसा, तर पिकअपमध्ये. संध्याकाळी देवगडला पेट्या भरायच्या, नांदगाव तिठ्यावरून हायवेला लागायचं आणि रात्रभर हाकत पहाटे वाशी मार्केट गाठायचं. मध्ये रेंजचा भरवसा नाही, घाटात तर नाहीच, त्यामुळे ऑनलाइन ऐकायच्या भानगडीत पडू नका, डाउनलोड करूनच निघा. अल्बम सुमारे ४१ मिनिटांचा. बारा गाणी, बहुतेक तीन-साडेतीन मिनिटांची. राजापूरच्या अलीकडे लावला तर हातखंब्याच्या आसपास संपतो, अर्थात चौपदरीकरणाच्या कामाने मध्येच कुठल्या डायव्हर्जनला घातलं नाही तर.

पहिले काही दिवस माझंही मत इतरांसारखंच होतं: चांगलंय, पण जुनंच आहे. तोच ठेका, तेच गिटार, तीच बोंब. गाडीवरच्या पोराने तर पहिल्याच रात्री विचारलं, "काका, ह्यो इतको बोंबलता कित्याक?" गायक ब्रायन जॉन्सनचा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याने दुसरं काय विचारावं!

मत बदललं ते पुढे बघणं सोडून मागे काय चाललंय ते ऐकायला लागल्यावर. गाडीच्या दोन दारांत दोन स्पीकर, आणि या बँडच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन गिटारी दोन बाजूंना वेगळ्या ठेवलेल्या असतात. एका बाजूला अँगस यंग, शाळेच्या गणवेशात स्टेजभर उड्या मारणारा. दुसऱ्या बाजूला नुसती रिदम गिटार, जी एका जागेवरून हलत नाही. दशावतारात लोकांची नजर संकासुरावर असते, पण रात्रभर नाटक उभं धरतो तो पखवाजवाला. एसी/डीसीत ते काम अँगसचा थोरला भाऊ माल्कम करायचा. रिफ (गाण्यात परत परत येणारे गिटारचे छोटे तुकडे) काढायच्या त्याने, आणि बँड कुठे थांबणार, कुठे उठणार हेही त्याच्याच हातात.

हा अल्बम आला १३ नोव्हेंबर २०२० ला. माल्कम वारला १८ नोव्हेंबर २०१७ ला, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं आधी. स्मृतिभ्रंशामुळे बँड तर त्याने २०१४ मध्येच सोडला होता. तरीही बाराच्या बारा गाण्यांवर रचनाकार म्हणून अँगस आणि माल्कम अशीच दोघांची नावं आहेत. दोघा भावांनी पूर्वी रचून ठेवलेल्या रिफ आणि कल्पना होत्या, त्यांतून अँगसने ही गाणी उभी केली. रिदम गिटार वाजवलीय पुतण्या स्टीव्हीने. पुतण्या म्हटलं तरी अँगसपेक्षा जेमतेम पावणेदोन वर्षांनी लहान (आपल्याकडच्या मोठ्या घरांतून असे काका-पुतणे पुष्कळ). तो कुठेही स्वतःची कलाकुसर दाखवायला जात नाही, काकाचा हात वाजवतो. लोक याला पुनरागमनाचा अल्बम म्हणतात ते गायक परत आला म्हणून. मला विचाराल तर परत आलाय तो माल्कम.

गायकाची गोष्टही लहान नाही म्हणा. २०१६ मध्ये डॉक्टरांनी ब्रायनला सांगितलं, दौरा थांबव नाहीतर ठार बहिरा होशील. उरलेले कार्यक्रम गन्स अँड रोझेसच्या ॲक्सल रोझने निभावले. दौरा संपल्यावर बेस गिटार वाजवणारा क्लिफ विल्यम्स निवृत्त झाला. ड्रमर फिल रड त्याआधीच कोर्टकचेरीत अडकून बाहेर होता. म्हणजे बँडमध्ये अँगस आणि पुतण्या सोडले तर कुणी उरलंच नव्हतं. आणि २०१८ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या स्टुडिओत ही सगळी मंडळी परत एकत्र! निर्माता ब्रेंडन ओब्रायन, आधीचे दोन अल्बम त्यानेच केलेले. अल्बम निघाला तेव्हा ब्रायनचं वय ७३. त्याचे कान गेले त्याचं कारण तो स्वतः मोटार रेसिंग सांगतो. रात्रभर काच खाली करून फुल आवाजात ऐकणाऱ्या आम्हा ड्रायव्हर लोकांनी हे जरा ध्यानात ठेवावं.

आता गाणी. 'रिअलाइज' सुरुवातीलाच आहे आणि तिथेच असायला हवं, पेट्यांवरची दोरी आवळून झाली की हेच लावायचं. 'शॉट इन द डार्क' सगळ्यात गाजलं. मला ते महिनाभराने नुसतं बरं वाटायला लागलं, रेडिओसाठी बेतल्यासारखं. 'डीमन फायर' मात्र वाढत गेलं. ब्रायन त्यात सुरुवातीला खालच्या पट्टीत गुरगुरतो आणि मग गाडी सुटते. पहाटे तीनच्या झोपेवर चहापेक्षा भारी. 'विचेस स्पेल' अंगात भिनायला वेळ घेतं, सोडू नका.

आणि 'थ्रू द मिस्ट्स ऑफ टाइम'. या बँडकडून असं हळवं काही मी अपेक्षिलं नव्हतं. रडगाणं नाही, ठेका तोच, पण सुरावट मोकळी आहे आणि मागे कोरससारखे आवाज आहेत. शब्द गेलेल्या दिवसांकडे वळून बघणारे. परशुराम घाटात धुकं असताना लावू नका एवढंच सांगेन, लक्ष रस्त्यावर राहत नाही. आमच्या पोराला हे एकच गाणं पहिल्या रात्रीपासून आवडलं.

अल्बमचा उत्तरार्ध थोडा पडतो. 'सिस्टम्स डाउन' मला आजही नाव बघितल्याशिवाय ओळखता येत नाही. 'नो मॅन्स लँड' संथ आणि जड आहे, त्याला काहीतरी जास्त हवं होतं. आणखी एक तक्रार रेकॉर्डिंगच्या आवाजाची. सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच उंचीवर दाबून भरलंय, श्वास घ्यायला जागा नाही. 'बॅक इन ब्लॅक'मध्ये दोन ठोक्यांमधली शांतता ऐकू येते, इथे नाही. गाडीत इंजिनच्या घरघरीत हे खपून जातं, घरी चांगल्या स्पीकरवर कान थकतात.

एलपी, म्हणजे मोठी तबकडी, घ्यावी का? समुद्रालगत राहत असाल तर विचार करून घ्या. मी हौसेने घेतली. ऐकायला गाडीपेक्षा किंचित मोकळी वाटते, पण आमच्या हवेत पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या कव्हरवर बुरशी धरतेच. कपाटात शून्याचा बल्ब लावून ठेवला तरी कोपरे काळवंडले. तबकडीला काही झालेलं नाही, मऊ कापडाने पुसून उभी ठेवतो. त्यापेक्षा सीडी बरी, कोकणात तर नक्कीच. बटण दाबलं की दिवा पेटून 'शॉट इन द डार्क' वाजणारा एक खास डबाही निघाला होता. शोकेसची वस्तू आहे, ऐकणाऱ्याला उपयोग शून्य.

२०२४ मध्ये याच अल्बमच्या नावाने दौरा निघाला, त्यात ब्रायन होता, पण क्लिफ आणि फिल नव्हते. तेव्हा ही पाचजणांची जोडणी ऐकायची तर हाच अल्बम.

घरची माणसं गाडीत असतील तर 'मनी शॉट' आलं की मुकाट्याने पुढचं गाणं लावा. इंग्रजी आता आमच्या आतेलाही कळतं.