पार्सल पोचलं, म्हणून ही फसवणूक नाही म्हणे!

१,८६२ पौंड ५० पेन्स. एका जुन्या ग्रामोफोन तबकडीचे १,८५० आणि विमा उतरवलेल्या टपालाचे १२.५०. रुपयांत दोन लाखांच्या वर. एवढे पैसे एका माणसाने गोड बोलून माझ्याकडून काढून घेतले, आणि बँक मला लेखी कळवते की ही फसवणूक नाही, हा ‘खरेदीदार आणि विक्रेता यांच्यातला वाद’ आहे. का, तर पार्सल माझ्या दारात आलं आणि मी सही करून घेतलं. आत खऱ्या तबकडीऐवजी नकली होती, ते बघायची कुणालाच गरज वाटली नाही. बायको म्हणते, अहो, कशाला चारचौघांत सांगताय, लोक नावं ठेवतील. ठेवू देत. माझ्यासारखे रेकॉर्ड जमवणारे आपल्या लोकांतही आता बरेच झालेत, पुण्या-मुंबईची तरुण मुलं इंग्लंडमधून तबकड्या मागवतात. त्यांच्यापर्यंत हे जायला हवं.

मी या छंदात नवखा नाही. १९७६ साली इचलकरंजीहून बोल्टनला टेक्स्टाइल शिकायला आलो. विगन तिथून अगदी जवळ. होस्टेलमधला एक दोस्त एका शनिवारी विगन कसिनोत घेऊन गेला (नाव कसिनो, पण जुगाराचा अड्डा नव्हे, नाचाचा हॉल), आणि पुढची सगळी वर्षं मी तिकडचाच झालो. मध्यरात्रीनंतर सुरू व्हायचं ते रविवारी सकाळी आठपर्यंत. दारू नाही. फरशीवर टाल्कम पावडर टाकून पोरं गिरक्या घेत, आणि वाजत काय, तर दहा-बारा वर्षांपूर्वीची अमेरिकन गाणी. डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फियाच्या कृष्णवर्णीय गायकांनी छोट्या छोट्या लेबलांसाठी, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांसाठी, गायलेली, तिकडे न चालल्यामुळे गोदामांत पडून राहिलेली. इंग्लंडच्या उत्तरेतल्या कामगार पोरांनी ती शोधून काढली आणि डोक्यावर घेतली. म्हणून हे नॉर्दर्न सोल, म्हणजे उत्तरेचं सोल संगीत. मूळ तबकड्याच मुळात थोड्या, त्यामुळे किमती अशा. फ्रँक विल्सनची १९६५ची सिंगल, म्हणजे एकेका बाजूला एकच गाणं असलेली छोटी तबकडी, २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना गेली आणि २०२० मध्ये एक लाख पौंडांना. त्यापुढे माझे १,८५० कुणाला डोळ्यांत भरण्यासारखे नाहीत. पण ते गिरणीत आणि नंतर गोदामात राबून साठवलेले होते, आणि निवृत्तीनंतर एकच तबकडी घ्यायची असं मी ठरवून ठेवलेलं होतं.

ती कोणती ते लिहीत नाही. तिची खरी प्रत ज्या गृहस्थांकडे आहे त्यांनी तशी विनंती केली आहे, आणि ती मोडणार नाही. डेट्रॉइटच्या एका लेबलची, १९६६ची, एवढंच पुरे.

मला हवी असलेल्या तबकड्यांची यादी मी ओळखीच्या लोकांत फिरवली होती. ती कुठून तरी या भामट्याच्या हाती पडली आणि त्याचा फोन आला. बोलणं अस्सल लँकेशरचं, म्हणजे विगनच्या भागातलं. कसिनोत रात्रीच्या शेवटी दर वेळी वाजणारी तीन गाणी त्याने क्रमाने सांगितली. टोबी लेजंडचं, जिमी रॅडक्लिफचं, डीन पॅरिशचं. स्टेशन रोडवरची रांग, दारातली रेटारेटी, बाल्कनीतली गर्दी, सगळं बरोबर. निरोपाच्या शेवटी ‘कीप द फेथ’, आमच्या मंडळींचं घोषवाक्य. मला आता कळतं की हे सगळं कुठेही वाचून पाठ करता येतं. पण पन्नास वर्षांत मला या मंडळींपैकी कुणी एका पेन्सला फसवलेलं नाही. लोकांनी मला उधारीवर रेकॉर्ड दिलेत, चिठ्ठी न घेता. तो विश्वास मी वेडेपणाने ठेवला नव्हता, तो मिळालेला होता. या बदमाशाने नेमका तोच वापरला.

सावध मी होतो. फोटो मागितले, आले. दोन्ही बाजूंची गोल कागदी लेबलं, एकाच्या वरच्या कडेला कुणा जुन्या मालकाने निळ्या शाईने काढलेलं एक अक्षर, आणि रन-आउटमधला, म्हणजे शेवटच्या खाचेपासून लेबलपर्यंतच्या मोकळ्या जागेतला, मॅट्रिक्स नंबर, म्हणजे तबकडी छापतानाचा क्रमांक. नंबर ठशाने उमटवलेला, हाताने खरडलेला नाही. मी पुस्तक काढून ताडून पाहिला, बरोबर होता. याहून जास्त कुणी काय तपासतं? ज्यांना वाटतं की मी डोळे मिटून पैसे पाठवले, त्यांनी हे वाचावं.

मग मी म्हटलं, वाजवून दाखव. त्याने व्हिडिओ पाठवला. तबकडी फिरतेय, तेच लेबल, गाणं सुरू.

इथे मला कळायला हवं होतं. या एकाच गोष्टीने रात्रीची झोप जाते. गाण्याच्या सुरुवातीला एक टक्-टक् येत होती, ओरखड्याची. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्या घेणाऱ्या सिंगलवर ओरखडा असेल तर तो दर फेरीला, म्हणजे एक सेकंद आणि वर तिसऱ्या हिश्श्याने वाजतो. दहा फेऱ्यांना तेरा सेकंद आणि थोडं. व्हिडिओतली टक्-टक् संथ होती. आता घड्याळ लावून मोजली, दहा ठोक्यांना बरोबर अठरा सेकंद. अठरा म्हणजे मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्या, मोठ्या एलपी तबकडीचा वेग. म्हणजे आवाज त्या सिंगलचा नव्हताच. कुठल्या तरी संकलनाच्या एलपीवरून उचलून चित्रावर चिकटवलेला होता. फिरणारं लेबल एका तालात आणि ओरखडा दुसऱ्या तालात. माझ्या कानाला ते खटकलं होतं! मी बायकोला म्हणालोही, काहीतरी जड जड वाटतंय. पण फोनचा एवढासा स्पीकर, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्या, आणि नातू मांडीवर. आणि साठ वर्षांची तबकडी टक्-टक् करणारच, असं वाटणं स्वाभाविक आहे. हेडफोन लावून ऐकलं असतं तर त्याच क्षणी सापडला असता.

व्हिडिओ मागायचा तर हेडफोन लावूनच ऐका, आणि ओरखडे मोजा. त्याहून चांगलं म्हणजे त्याला थेट व्हिडिओ कॉलवर घ्या आणि सांगा, तुझ्या हाताने सुई उचल आणि मी म्हणेन तिथे टेकव. खरा विक्रेता दोन मिनिटांत करतो.

पैसे त्याने बँकेतून थेट मागितले, मुलीच्या खात्यावर, कारण ‘माझं खातं घटस्फोटात अडकलंय’. कार्डाने देतो म्हटलं, तर म्हणाला, दलाली जाते, तुला पन्नास पौंड कमी लावतो. नाव टाकलं, बँकेने नाव जुळल्याचं दाखवलं. जुळणारच! खातं त्याच नावाचं होतं. ती खूण फक्त नाव जुळल्याची असते, माणूस खरा असल्याची नाही, हे बँक त्या हिरव्या खुणेखाली लिहीत नाही. इथे राहणाऱ्यांनी पाठ करून ठेवा: १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पौंडांपर्यंतची वस्तू क्रेडिट कार्डाने घेतली तर १९७४च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या ७५ व्या कलमाने कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. कार्ड न घेणारा हौशी विक्रेता असेल तर स्वतः गाडी काढा आणि जाऊन घेऊन या. मी त्याच्या गावी, ब्लॅकबर्नला, जाऊन आणणार होतो. त्याने सांगितलं, गुडघ्याचं ऑपरेशन आहे, घरी कुणाला बोलावत नाही.

त्याच्या लपवाछपवीचाही मला संशय आला नाही, आणि त्याला कारण आहे. या छंदात लपवणं जुनंच. सत्तरच्या दशकात डीजे लोक लेबलवर कागद चिकटवून खोटं नाव लिहीत, म्हणजे दुसऱ्याला तबकडीचा माग लागू नये. फ्रँक विल्सनचीच तबकडी आधी एडी फॉस्टरच्या नावाने वाजत होती. त्यामुळे कुणी म्हणालं की ‘विकतोय हे कुणाला सांगू नकोस’, तर आम्हाला वावगं वाटत नाही. आता वाटायला हवं. जो माणूस तुम्हाला इतरांशी बोलू नका सांगतो, त्याच्याबद्दल आधी इतरांशीच बोला. मी एका जाणत्याला तो फोटो दाखवला असता तर त्याने निळ्या अक्षरावरून खऱ्या मालकाचं नाव तिथल्या तिथे सांगितलं असतं. नंतर सांगितलंच.

पार्सल आलं. छान पुठ्ठे घालून बांधलेलं, आतलं तपकिरी पाकीट खरोखरच जुनं. तबकडी हातात घेतली आणि कळलं. त्या काळच्या अमेरिकन सिंगल बऱ्याचदा स्टायरीनच्या असत, हलक्या आणि ताठ, नखाने टिचकी मारली की टणक, उंच आवाज देणाऱ्या. माझी हवी असलेली स्टायरीनचीच आहे. ही जड, वाकणारी, टिचकीला बोथट. लेबलवरची बारीक अक्षरं फोटोवरून फोटो काढल्यासारखी फुटलेली. शाईचं अक्षर नाही. रन-आउटमध्ये नंबर हाताने खरडलेला. बूटलेग, म्हणजे चोरून छापलेली नक्कल. रेकॉर्ड बाजारातल्या खोक्यात १५ पौंडांना मिळते. त्याचा फोन त्या दुपारपासून बंद.

आता बँक. फसवणूक विभागात तासभर संगीत ऐकवल्यावर एक बाई आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “वस्तू मिळाली ना?” म्हटलं, नकली मिळाली. “पण रेकॉर्ड आहे ना? गाणं तेच आहे ना?” गाणं तेच आहे! म्हणजे उद्या कुणी सोन्याच्या भावाने पितळ दिलं तर या विचारणार, पिवळंच आहे ना? ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथे नियम आहे की असं गंडवून बँकेतून पैसे वळवून घेतले तर बँकेने ८५,००० पौंडांपर्यंत परत द्यायचे. मी तो नियम दाखवला. त्यांनी त्यातलाच अपवाद दाखवला: खासगी व्यवहारातला वाद यात येत नाही. वस्तू पोचल्याची सही आहे, म्हणजे वाद. फोटो चोरलेले, आवाज चिकटवलेला, खातं मुलीचं म्हणून सांगितलेलं, फोन बंद, पाकिटावरचा पत्ता एका रिकाम्या दुकानाचा, आणि हा वाद! लुच्च्याला हा अपवाद आपल्याहून चांगला ठाऊक आहे. म्हणून तर त्याने रिकामा डबा पाठवला नाही, १५ पौंड खर्चून बूटलेग पाठवली. रिकामा डबा आला असता तर मला पैसे मिळाले असते.

‘सदिच्छा म्हणून’ ५० पौंड देऊ केले. मी घेतले नाहीत. तुम्हीही घेऊ नका. ‘पूर्ण आणि अंतिम’ असं लिहिलेल्या कागदावर सही मागतात, ती बघा.

पोलीस चौकीत गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ऑनलाइन करा. ऑनलाइन केलं, एक क्रमांक मिळाला, आणि काही आठवड्यांनी पत्र: तपासाला पुरेसा धागा नाही. खात्याचा क्रमांक दिलाय, सॉर्ट कोड (बँकेच्या शाखेचा क्रमांक) दिलाय, फोन नंबर दिलाय, पाकीट माझ्या कपाटात आहे, त्यावर त्याच्या हाताचं अक्षर आहे. यापेक्षा धागा म्हणजे काय, त्याला बांधून आणून द्यायचा? पाकीट बघायलासुद्धा कुणी आलं नाही. ज्या बँकेत ते खातं आहे तिथे फोन केला, तर ‘आमच्या ग्राहकाची माहिती आम्ही देऊ शकत नाही’. माझी माहिती त्याच्याकडे गेली तेव्हा ही गोपनीयता कुठे होती? छोट्या दाव्याच्या कोर्टात जा म्हणाले, ११५ पौंड फी. दावा कुणावर लावू? बंद दुकानावर? प्रकरण आता बँकिंग लोकपालाकडे आहे. तिथे पैसे पडत नाहीत, वेळ मात्र पडतो.

भारतातून मागवणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, कारण माझा कोल्हापूरचा पुतण्या नेमकं हेच करणार होता. वरचा नियम फक्त ब्रिटनच्या आतल्या बँक ट्रान्सफरला आहे. परदेशातून पाठवलेल्या पैशाला तो लागूच नाही. त्यामुळे ‘माझ्या इंग्लंडच्या खात्यावर थेट टाक’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबायचं. आणि पेपलसारख्या सेवेत ‘मित्र-नातेवाईक’ म्हणून पैसे पाठवायचा पर्याय कुणी सुचवला तर फोन ठेवायचा.

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, पाकिटावरच्या पत्त्यापासून रन-आउटच्या नंबरापर्यंत. मी काढला नव्हता. बँकेने तेही ऐकवलं, की तबकडी बदलली नसेल कशावरून. पन्नास वर्षं जमवणाऱ्याला हे ऐकवलं.

माझ्या बाबतीत झालं तसंच, लँकेशरचा आवाज, मुलीचं खातं, गुडघ्याचं ऑपरेशन, असं कुणाच्या बाबतीत झालं असेल तर लाजून गप्प बसू नका, मला कळवा. त्याच खात्यावर पैसे गेलेली दुसरी तक्रार लोकपालासमोर गेली तर बँकेला ‘वाद’ म्हणून हात झटकता येणार नाहीत.