सेफ्टी कन्सल्टंटनं १,३७,००० रुपयांना धुतलं

आधी आकडे सांगतो. लोक लाजेपोटी आकडे लपवतात आणि पुढचा तसाच फसतो. ऑडिट, कागदपत्रं, टेस्टिंग, ट्रेनिंग असं पॅकेज ८५,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी १५,३००. कामगारांची आरोग्य तपासणी माणशी ४५० प्रमाणे २६ जणांचे ११,७००. आणि 'वर द्यावे लागतात' म्हणून रोख २५,०००. एकूण १,३७,०००. रोख कशाला दिले असं विचारणाऱ्यांनी भोसरीत एक शेड चालवून दाखवावी, मग बोलू.

आमचं प्रेसचं काम, म्हणजे मशीनवर पत्रा दाबून पार्ट बनवायचे. माल ज्या कंपनीला जातो तिथून मेल आला की मार्चअखेर सेफ्टीचे कागद दाखवा, नाहीतर नवीन पार्टचं काम मिळणार नाही. त्याच सुमारास हा कन्सल्टंट उगवला. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, त्याच्या आसपास ही जमात एमआयडीसीत फिरतेच. गळ्यात आयकार्ड, हातात टॅब, तोंडात 'नवीन कोड'. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, लागू झाले हे आपल्याला पेपरमधून माहीत असतं, पण त्यात काय आहे हे कोण वाचतं? तेवढ्यावरच यांचा धंदा चालतो. म्हणाला, "साहेब, आता सेफ्टी ऑफिसर ठेवावा लागणार. महिन्याला चाळीस हजार तरी धरा. माझं पॅकेज घ्या, मी कागदावर बसवतो." साफ खोटं. जुन्या कायद्यात ती अट हजार कामगारांपासून होती. नव्या कोडमध्ये कारखान्याला पाचशे आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर अडीचशे. आमच्याकडे सव्वीस माणसं! कुणी 'सक्तीचं आहे' म्हणालं की कलम लिहून मागा, कोऱ्या कागदावर, सहीनिशी. निम्मे तिथूनच पळतात.

कामाच्या दिवशी व्हॅनमधून चार पोरं उतरली. ट्रेनिंग म्हणजे वीस मिनिटांचा व्हिडिओ आणि ग्रुप फोटो. फोटोसाठी सगळ्यांना पिवळी हेल्मेटं घातली, काहींवर किमतीची स्टिकरं तशीच. फोटो झाला, हेल्मेटं परत व्हॅनमध्ये.

मग कानाची तपासणी. ही आठवली की अजून डोकं फिरतं. प्रेस चालू, ठाक ठाक ठाक, आणि त्या प्रेसपासून दहा फुटांवर खुर्ची टाकून पोरगं एकेकाच्या कानाला हेडफोन लावतंय. या तपासणीला बंद, शांत केबिन लागते. आपल्याकडे आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि प्रेसशॉपमध्ये ती कशी पाळली जाते हे तुम्हीही जाणता. आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, आम्ही मामा म्हणतो त्यांना. डाव्या बाजूनं हाक मारली तर मामा वळतच नाहीत, खांद्याला हात लावावा लागतो. त्यांचा रिपोर्ट आला: उजवा कान नॉर्मल, डावा कान नॉर्मल. रिपोर्ट हातात, समोर मामा, आणि मी पोच म्हणून सही करतोय. तिथंच त्या पोराची गचांडी धरायला हवी होती. पण महिनाअखेर होती, टेम्पो दारात उभा, दोन डाय, म्हणजे पार्टचे साचे, दुरुस्तीला गेलेल्या. अशा वेळी माणूस रिपोर्ट वाचत नाही, फाइलला लावतो. आणि खरं सांगू, सव्वीसच्या सव्वीस नॉर्मल आले की मालकाला बरंच वाटतं. कुणालाही वाटेल.

भांडं फुटलं कंपनीच्या ऑडिटरसमोर. कॉम्प्रेसरच्या टाकीचं सर्टिफिकेट बघून त्यानं विचारलं, "हायड्रो टेस्ट या तारखेला झाली? मग लाइन किती वेळ बंद होती?" लाइन बंद नव्हतीच. ती टेस्ट म्हणजे हवा सोडा, टाकी पाण्यानं भरा, पंपानं प्रेशर चढवा, थांबून बघा. त्या पोरानं फक्त नेमप्लेटचा फोटो काढला होता. खाली ज्यांची 'कॉम्पिटंट पर्सन' म्हणून सही, त्यांना ऑडिटरनं तिथूनच फोन लावला. ते गृहस्थ म्हणाले, मी भोसरीत कधी आलोच नाही. कॉम्पिटंट पर्सन म्हणजे अशा टेस्ट करायला मान्यता असलेला माणूस; त्याला औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं मान्यतापत्र असतं, कुठल्या कामासाठी आणि कधीपर्यंत हे त्यावर लिहिलेलं असतं. त्याची प्रत आधी मागा आणि टेस्ट करताना तो माणूस स्वतः समोर हवा.

नंतर खऱ्या माणसाकडून टाकी तपासून घेतली. प्रेशर वाढलं की आपोआप उघडायचा तो सेफ्टी व्हॉल्व्ह जाम निघाला. हाताने ओढला तरी उठेना. फाइलमध्ये त्याच व्हॉल्व्हपुढे 'समाधानकारक' लिहिलंय. पैसे गेले ते गेले, पण त्या टाकीशेजारी माझी पोरं डबा खातात.

आता तक्रारीचं ऐका. चौकीत सांगितलं, "हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." खोटी सही केलेलं सर्टिफिकेट समोर ठेवलंय आणि म्हणे सिव्हिल! फसवणुकीचं कलम पूर्वीचं ४२०, आता न्याय संहितेचं ३१८(४), हे मी त्यांना सांगायचं? पोलिसांच्या वरच्या शाखेत गेलो, तर तिथं मोठी केस लागते म्हणून परत चौकीकडे पाठवलं. ज्या सरकारी कचेरीचा सेफ्टी हा विषय, तिथं साहेब म्हणाले, खाजगी कन्सल्टंट आमच्या अखत्यारीत नाही, आणि लगेच, "तुमचं लायसन्स रिन्यू आहे ना?" म्हणजे चोर तो आणि तपासणी माझी. ग्राहक मंचाचं वकिलानं आधीच सांगितलं की धंद्यासाठी घेतलेली सेवा, तिथं टिकणं कठीण. मॅजिस्ट्रेटकडे जायचं तर वकिलाची फी २०,०००. जीएसटीचं तर विचारूच नका. बिलावरचा नंबर पोर्टलवर टाकला तर रजिस्ट्रेशन बिलाच्या आधीच रद्द झालेलं. भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते ते क्रेडिट बुडालं. तो नंबर फुकट तपासता येतो, मिनिटभर लागतं, पैसे द्यायच्या आधी तपासा. आणि आमच्या उद्योजकांच्या असोसिएशनवाले? "आधी आम्हाला विचारायचं." विचारलं असतं तर तुम्ही तरी काय, त्याचंच कार्ड तुमच्या काउंटरवर ठेवलेलं होतं.

ट्रेनिंग हवं असेल तर १९६६ पासूनची राष्ट्रीय सुरक्षा परिषद आहे, सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे. तिथं चौकशी करा, व्हॅनवाल्यांकडे नको. 'कुणी तपासायला येणार नाही' अशी हमी देणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

अर्ज चौकीत पडून आहे. मध्यंतरी हवालदारांचा फोन आला, आरोपीचा सध्याचा पत्ता द्या म्हणून. पत्ता माझ्याकडे असता तर चौकीत कशाला आलो असतो?