जीवाश्मांचे स्टँड: लाकूड-तार की अ‍ॅक्रिलिक?

कच्छचा अमोनाइट (गोगलगायीसारखा वळलेला समुद्री जीवाश्म) घरी आणला की तो उभा कसा ठेवायचा, हा प्रश्न येतोच. ठाण्यात दोन मार्ग सोपे पडतात.

पहिला, सागाचा ठोकळा आणि पितळी तार. सुताराकडे उरलेला तुकडा मागा, त्याला तारेच्याच जाडीचं भोक पाडा, तारेचे तीन आकडे वळवा. दोन खाली, एक मागून. जिथे तार दगडाला टेकते तिथे पातळ प्लास्टिक नळीचा तुकडा चढवा, नाहीतर ओरखडा हमखास. वजनदार नमुन्याला हाच बरा, कारण तार थोडी दाबली-सोडली की पकड जमते. पण लाकडातून, एमडीएफमधून (भुसा दाबून केलेल्या फळीतून) तर जास्तच, आम्लाची वाफ सुटते. बंद कपाटात ती चुनखडीच्या शिंपल्यांना खाते. उघड्या फळीवर फारशी काळजी नको.

दुसरा, अ‍ॅक्रिलिक. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे कातरण मिळतं. हीट गनने तापवून वाकवायचं, खिडकी उघडी ठेवूनच. शार्कच्या दातासारख्या हलक्या वस्तूला देखणं, पण धूळ ओढतं आणि कोरड्या फडक्याने चरे पडतात.

माझं मत? बंद काचेच्या कपाटात अ‍ॅक्रिलिक, बाकी सगळीकडे तार. ग्लू गन मात्र दोन्हीकडे नको. आणि पायराइटवाला (लोह-गंधकाचं सोनेरी खनिज असलेला) नमुना असेल तर आधी ओल शोषणारं सिलिका जेल आणा. खाडीकाठच्या पावसाळी दमटपणात त्याचा भुगा होऊ लागला, तर स्टँड कुठलाही असो, उपयोग नाही.