वुड फॉर ट्रीज: दोन्ही बाजूंच्या हातातलं एकच आलेखयंत्र

"1998 नंतर तापमान वाढलंच नाही" असा आलेख कुणी ग्रुपवर टाकला, तर त्याची कड नीट बघा. बऱ्याचदा तिथे बारीक अक्षरांत 'वुड फॉर ट्रीज' लिहिलेलं असतं. त्याला उत्तर म्हणून दुसऱ्याने टाकलेल्या चढत्या आलेखावरही पुष्कळदा हेच नाव दिसतं. पॉल क्लार्क या ब्रिटिश सॉफ्टवेअरवाल्याने उभी केलेली ही हवामानाच्या आकड्यांचे आलेख काढून देणारी फुकट साइट. नोंदणी लागत नाही, काही उतरवून घ्यावं लागत नाही. ज्याला जे दाखवायचं ते तो इथे दाखवू शकतो, असा तिच्यावर आक्षेप घेतला जातो. तो खराच आहे. तरीही माणसामुळे हवामान बदलतंय की नाही यावर वाद घालणाऱ्याने आधी हेच हत्यार हाताळायला शिकावं, कारण इथे केलेली लबाडी लपत नाही.

लपत नाही याचं कारण दुव्यात आहे. आकड्यांचा कुठला संच, कुठल्या वर्षापासून, कुठपर्यंत, त्यावर कोणती प्रक्रिया, हे सगळं आलेखाच्या पत्त्यातच लिहिलेलं असतं. समोरच्याने नुसतं चित्र पाठवलं तर दुवा मागायचा. दुवा मिळाला की 'फ्रॉम'पुढचा आकडा बदलून एंटर दाबायचं. 1998 च्या जागी 1996 टाकल्यावर निष्कर्ष डळमळला, तर तो निष्कर्ष हवामानाचा नव्हता, सुरुवातीच्या वर्षाचा होता.

मांडणी साधी आहे. 'इंटरॅक्टिव्ह' पानावर मालिकेचा चौकोन असतो. संच निवडा, 'फ्रॉम' आणि 'टू' भरा, खाली प्रक्रिया निवडा, आलेख काढा. नवखे लोक तीन ठिकाणी अडखळतात. पहिलं, वर्ष दशांशात मोजलं जातं, म्हणजे 1998.5 म्हणजे जुलै 1998. 'टू'मध्ये लिहिलेलं वर्ष धरलं जात नाही, त्यामुळे 2020 पूर्ण हवं असेल तर 2021 लिहा. दुसरं, कलरेषा (एकूण चढ किंवा उतार दाखवणारी सरळ रेषा) लावली की मूळ वळणावळणाची रेषा गायब होते. दोन्ही हव्या असतील तर तोच संच दुसऱ्या मालिकेत पुन्हा घ्यावा लागतो, आणि दोन्हीकडचं 'फ्रॉम' सारखं ठेवायचं असतं. (एकीकडे 1979 आणि दुसरीकडे 1998 ठेवलेले आलेखही फिरतात, चूक की हुशारी, ते ज्याने त्याने ठरवावं.) तिसरं, कलाचा आकडा चित्रात नसतो. तो 'रॉ डेटा'च्या मजकुरात असतो, आणि तोही दर वर्षाचा. 0.0175 दिसलं तर दहाने गुणून दशकाला 0.175 अंश असं वाचायचं.

खरी उणीव याच आकड्यात आहे. त्याच्यापुढे अधिक-उणे काहीच लिहिलेलं नसतं. मासिक तापमानाच्या मालिकेत एल निनो, ला निना आणि ज्वालामुखी यांचा गोंगाट एवढा असतो की पंधरा वर्षांच्या तुकड्याचा कल जवळपास काहीही निघू शकतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या 2013 च्या अहवालात हे एका तळटीपेत दाखवलंय. पंधरा वर्षांचा तुकडा 1995 पासून घेतला तर दशकाला 0.13 अंश, 1996 पासून 0.14, 1997 पासून 0.07 आणि 1998 पासून 0.05. शेवटच्या आकड्याच्या अनिश्चिततेची मर्यादा उणे 0.05 ते अधिक 0.15 होती. म्हणजे 'वाढ थांबली' असंही त्यातून सिद्ध होत नाही, आणि 'वाढ नेहमीच्याच वेगाने चालू आहे' हेही त्यातून खोडलं जात नाही. वुड फॉर ट्रीज ही मर्यादा दाखवत नाही, नुसती ठाम सरळ रेषा काढून देतं. म्हणून त्याच्या जोडीला यॉर्क विद्यापीठाच्या केविन काउटन यांचा कल-गणक उघडा ठेवावा. तो हवामानबदल न मानणाऱ्यांचे दावे खोडणाऱ्या स्केप्टिकल सायन्सच्या साइटवर आहे, आणि वर्षं भरली की कलाबरोबर अनिश्चितताही देतो. साइट एका बाजूची म्हणून कुणी नाक मुरडलं तरी आकडेमोड कुणालाही पडताळून बघता येते.

संच निवडताना आमचा सल्ला असा की संशयवाद्याला त्याच्या आवडीचाच घेऊ द्या. तो बहुधा यूएएच घेईल. अलाबामा विद्यापीठाच्या हंट्सव्हिल शाखेतले जॉन क्रिस्टी आणि रॉय स्पेन्सर हा उपग्रहांचा संच चालवतात, आणि दोघेही हवामानबदलाच्या भाकितांचे जुने टीकाकार आहेत. डिसेंबर 1978 पासूनचा हा संच घेऊन कल काढला तरी तो दशकाला सुमारे 0.15 अंश चढताच निघतो. जमिनीवरच्या संचांपेक्षा तो कमी आहे, हे मान्य करून पुढे जा. ते नाकारण्यात काही हशील नाही.

आरएसएस (रिमोट सेन्सिंग सिस्टिम्स) या दुसऱ्या उपग्रह-संचाची गोष्ट जास्त बोधक आहे. याच उपग्रह-संचाच्या जुन्या आवृत्तीवर ब्रिटिश संशयवादी क्रिस्टोफर मॉन्क्टन वर्षानुवर्षं 'वाढ थांबली' म्हणत राहिले, आणि डिसेंबर 2015 मध्ये सिनेटर टेड क्रूझ यांनी अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत तोच मुद्दा मांडला. उपग्रहांच्या कक्षा हळूहळू सरकतात, त्यामुळे एकाच जागेवरचं मोजमाप दिवसाच्या वेगळ्या वेळी होऊ लागतं. ही चूक दुरुस्त करणारी आवृत्ती 2017 मध्ये आली आणि कल जवळपास 30 टक्क्यांनी वाढला. जुना आलेख अजून फिरतो आहे. म्हणून संचाच्या नावाबरोबर आवृत्तीचा आकडाही वाचायचा.

दोन संच एकाच चित्रात आणले की लगेच दुसरा घोळ होतो. तापमानाचे हे आकडे 'सरासरीपेक्षा किती जास्त' असे असतात आणि प्रत्येकाची सरासरी वेगळ्या काळाची असते. नासाच्या गिसटेम्पची 1951 ते 1980, ब्रिटनच्या हॅडक्रट 4 ची 1961 ते 1990, यूएएचची 2021 पासून 1991 ते 2020. तसेच ठेवले तर यूएएचची रेषा खाली लोंबते आणि 'उपग्रहांना तापमानवाढ दिसतच नाही' अशी आरोळी उठते. उपाय असा: एक समान काळ निवडा, 'रॉ डेटा'तून दोन्ही संचांची त्या काळातली सरासरी काढा आणि फरक 'ऑफसेट'मध्ये भरा. रेषा वर-खाली सरकते, उतार बदलत नाही.

'मीन' (म्हणजे सलग महिन्यांची सरासरी) लावताना 12 हा आकडा ठेवा. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेच्या कार्बन डायऑक्साइडला तो लागतोच, कारण तिथे झाडांच्या पालवी-पानगळीमुळे वर्षाच्या आत सुमारे 6 पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत 6 भागांची) ये-जा होते. तापमानाच्या संचांमधून ऋतुचक्र आधीच काढलेलं असतं, तिथे 'मीन' फक्त डोळ्यांच्या सोयीसाठी.

सगळ्यात चलाख सापळा 'डेरिव्हेटिव्ह'चा, म्हणजे आकडा महिन्यागणिक किती बदलला ते काढणाऱ्या प्रक्रियेचा. कृती अशी: मौना लोआ घ्या, 'मीन' 12, मग 'डेरिव्हेटिव्ह', आणि शेजारी तापमान ठेवून दोन्ही 'नॉर्मलाइझ' करा, म्हणजे एकाच मापावर आणा. दोन्ही रेषा हातात हात घालून नाचतात, तापमान थोडं पुढे. मग म्हणतात, बघा, तापमानामुळे कार्बन डायऑक्साइड वाढतो, माणसाचा काय संबंध? यातलं नाचणं खरं आहे. एल निनोच्या वर्षी उष्ण कटिबंधातली झाडं कमी कार्बन शोषतात, म्हणून त्या वर्षी वाढ जास्त असते. पण 'नॉर्मलाइझ' काढून टाका आणि डावीकडचे आकडे वाचा. अलीकडच्या वर्षांत रेषा महिन्याला 0.2 पीपीएमच्या आसपास हलते, म्हणजे वर्षाला साधारण 2.4, आणि वर्षभराच्या हिशेबात ती शून्याखाली जात नाही. पिनाटूबो ज्वालामुखीनंतरच्या थंड वर्षांतही गेली नव्हती. तापमान ठरवतं ते चढउतार. शून्यापासूनची ती उंची कशामुळे आहे, तोच वादाचा मुद्दा, आणि 'नॉर्मलाइझ' नेमकी तीच उंची पुसून टाकतं. हिशेब सोपा आहे: जीवाश्म इंधनातून वर्षाला सुमारे 10 अब्ज टन कार्बन बाहेर पडतो, हवेत 1 पीपीएम वाढायला 2.13 अब्ज टन लागतो, म्हणजे साधारण 4.7 पीपीएमचा माल. त्यातला निम्मा हवेत उरतो, निम्मा समुद्र आणि झाडं घेतात. निसर्ग इथे घेणारा आहे, देणारा नाही.

देखभालीला मात्र गुण कमी द्यावे लागतात. हॅडक्रट 4 हा संच डिसेंबर 2021 ला संपतो, त्यावर 'आत्तापर्यंत'चा दावा करू नका. कुठलाही आलेख वापरण्याआधी 'रॉ डेटा'ची शेवटची ओळ बघणं हा नियमच ठेवा. शेवटचे आकडे कच्चेही असू शकतात. 2011 मध्ये बर्कली अर्थ या अमेरिकी संशोधकगटाच्या जमिनीवरच्या संचातून 'दशकभर वाढ नाही' असा आलेख ब्रिटनमध्ये छापून आला होता. त्यातले एप्रिल आणि मे 2010 हे शेवटचे दोन महिने फक्त अंटार्क्टिकातल्या मोजक्या केंद्रांवरून काढलेले होते. ते दोन ठिपके गाळले की रेषा पुन्हा चढायला लागते.

आणि इथले तापमानाचे संच जगाचे, गोलार्धांचे किंवा मोठ्या पट्ट्यांचे आहेत. जळगावचा मे महिना पूर्वीपेक्षा तापतोय का, हा वाद इथे सुटणार नाही. त्यासाठी पुण्याच्या हवामान खात्याकडे 1951 पासूनच्या कमाल-किमान तापमानाची एक अंशाच्या जाळीवरची माहिती फुकट मिळते. फक्त ती बायनरी फाइलमध्ये असते, उघडायला थोडं पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) यावं लागतं.